स्पंजचे गोळे आणि कंडेन्सरच्या नळ्या: क्लोरीन कमी करायला ही यंत्रणा घ्यावी का?

समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या नळीदार कंडेन्सरमध्ये (टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या उपकरणात) क्लोरीनवर विसंबून न राहता नळ्या स्वच्छ ठेवायच्या असतील, तर स्पंजच्या गोळ्यांच्या यंत्रणेइतकं भरवशाचं दुसरं साधन आज बाजारात नाही. निकाल आधीच सांगितला, कारण पुढे या यंत्रणेच्या खोडी बऱ्याच सांगायच्या आहेत. जिथे गोळे नेमाने मोजले जातात, तिथे ती वर्षानुवर्षं चोख चालते. जिथे मोजले जात नाहीत, तिथे पंप फिरत राहतो, पॅनेलवर हिरवा दिवा लागलेला असतो आणि गोळे कधीच समुद्रात पोचलेले असतात.

कल्पना साधी आहे आणि जुनीही. १९५०च्या दशकात जर्मनीत टाप्रोगे यांनी ती पुढे आणली आणि आज अनेक कंपन्या तशा यंत्रणा बनवतात. नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठा, मऊ रबरी स्पंजचा गोळा थंड पाण्याबरोबर सोडायचा. पाण्याच्या दाबाने तो दबून नळीत शिरतो, भिंतीला घासत जातो आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. बाहेर जाणाऱ्या पाइपात जाळी असते. ती गोळा अडवते, पंप त्याला उचलून पुन्हा आत येणाऱ्या पाण्यात सोडतो. कंडेन्सर चालू असताना, लोड (वीजनिर्मिती) न उतरवता, हे अखंड चालतं. आखाती देशांत समुद्राचं पाणी उकळून गोडं करणाऱ्या मोठ्या प्रकल्पांतही हीच यंत्रणा असते, त्यामुळे जेबेल अली किंवा अल जुबैलकडे काम केलेल्या आपल्याकडच्या मंडळींना हे गोळे नवे नाहीत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तारापूर, डहाणू, ट्रॉम्बे इथली वीजकेंद्रं थंडाव्याला समुद्राचं किंवा खाडीचं पाणी घेतात. तेव्हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे.

आधी शत्रू ओळखून घेऊ. शटडाउनला वॉटरबॉक्सचं, म्हणजे नळ्यांच्या टोकाला असलेल्या पाण्याच्या पेटीचं, झाकण उघडून नळीत बोट फिरवलं, की बोटाला बुळबुळीत, पिवळट करडा चिकटा लागतो. तो इतका पातळ असतो की टॉर्चच्या उजेडात नळी स्वच्छच दिसते. पण उष्णतेच्या दृष्टीने हा थर म्हणजे जवळपास साचलेलं पाणी, त्याची उष्णतावाहकता पाण्याइतकीच, ०.६च्या आसपास (वॉट, मीटर, अंश सेल्सिअस या एककांत; पुढचे आकडेही त्यातलेच). आता हिशोब करा. ०.१ मिमी चिकट्याचा रोध येतो ०.०००१६७. टायटॅनियमच्या ०.७ मिमी भिंतीचा रोध, वाहकता २१ धरली तर, ०.००००३३. नखाच्या जाडीहूनही पातळ असलेला चिकटा अख्ख्या धातूच्या भिंतीपेक्षा पाचपट अडवणूक करतो. स्वच्छ कंडेन्सरचा एकूण उष्णता-वहन गुणांक ३,००० असेल, तर एवढ्या थराने तो २,०००वर येतो. एक तृतीयांश क्षमता गेली, आणि डोळ्यांना काहीच दिसलं नाही. व्हॅक्यूम उतरतो, तेवढ्याच कोळशात वीज कमी निघते, आणि दोष मात्र पुष्कळदा एअर इजेक्टरला (कंडेन्सरमधली हवा ओढून काढणाऱ्या साधनाला) दिला जातो.

हा चिकटा रोखायला सगळीकडे क्लोरीन वापरतात, बहुतेक ठिकाणी समुद्राच्याच पाण्यातून विजेने तयार करून. पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. क्लोरीन त्याच्याशी झटकन अभिक्रिया करतो आणि पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांबरोबर ब्रोमोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. ती पाण्याबरोबर बाहेर, मासेमारीच्या पट्ट्यात जातात. आपल्याकडे कंडेन्सरच्या सांडपाण्यात मोकळा क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर नसावा अशी मर्यादा आहे. शिवाय शिनाणे, म्हणजे हिरवे शिंपले, क्लोरीनला फार सहज फसवतात. क्लोरीनची चाहूल लागली की शिंपला मिटून घेतात आणि तसेच दिवसचे दिवस तग धरतात. थांबून थांबून मारलेला डोस त्यांच्या बाबतीत वाया जातो. म्हणून नळ्यांच्या आतला चिकटा गोळ्यांवर सोपवावा, क्लोरीन त्या कामातून काढून घ्यावा, ही दिशा आम्हाला बरोबर वाटते.

गोळ्याचं माप ही या यंत्रणेतली पहिली अट आहे. तो नळीच्या आतल्या व्यासापेक्षा १ ते २ मिमी मोठा हवा. २५.४ मिमी बाह्य व्यासाची, ०.७ मिमी भिंतीची टायटॅनियम नळी असेल तर आतला व्यास २४ मिमी, म्हणजे गोळा २५ किंवा २६ मिमीचा. तीच नळी ताम्र-निकेलची, १.२ मिमी भिंतीची असेल तर आतला व्यास २३ मिमी आणि गोळा २४ किंवा २५ मिमीचा. नळ्या बदलल्या आणि धातू बदलला तरी स्टोअरमधून जुन्याच मापाचे गोळे येत राहतात, ही चूक नेहमीची. २४च्या नळीत २४चा गोळा घासत नाही, नुसता वाहत जातो. पॅनेलवर सगळं ठीक दिसतं आणि चिकटा जिथल्या तिथे राहतो. कडकपणाही बघावा लागतो. नळीच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक कमी असेल तर मऊ गोळा घ्यावा, नाहीतर तो मध्येच अडकतो. नळीतला वेग सेकंदाला १.८ ते २.२ मीटर असला की गोळे सुरळीत फिरतात. वेग १ मीटरच्या खाली गेला की अडकण्याची भीती असते, म्हणून एकच कूलिंग पंप चालू असताना गोळे फिरवू नयेत.

संख्येचा नियम असा: एका पासमध्ये (पाणी कंडेन्सरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला एकदा जातं त्या टप्प्यात) जितक्या नळ्या, त्याच्या साधारण १० टक्के गोळे. १२,००० नळ्यांचा, दोन पासचा कंडेन्सर घ्या. एका पासमध्ये ६,००० नळ्या, म्हणून ६०० गोळे. एक फेरी सुमारे ३० सेकंदांत होते. प्रत्येक पासमध्ये मिनिटाला १,२०० वेळा कुठल्या ना कुठल्या नळीतून गोळा जातो, म्हणजे सरासरीने प्रत्येक नळीला ५ मिनिटांत एक, तासाला १२. आता समजा ४०० गोळे हरवले आणि २००च उरले. तासाला प्रत्येक नळीला चार येतील. नशिबाच्या गणिताने तासाभरात एका पासमधल्या ११०च्या आसपास नळ्यांना एकही गोळा मिळणार नाही, पण पुढच्या तासाला त्यांचीही पाळी येईल. कागदावर २०० गोळेही पुरायला हवेत. प्रत्यक्षात पुरत नाहीत, कारण गोळे सगळ्या नळ्यांत सारखे वाटले जात नाहीत. खरी गोम इथे आहे.

वाटप बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गोळ्यातली हवा. नवा गोळा कोरडा असतो, त्याच्या छिद्रांत हवा भरलेली असते. तो तसाच कलेक्टरमध्ये (गोळे भरायच्या आणि पकडायच्या भांड्यात) टाकला तर वॉटरबॉक्समध्ये वर तरंगतो आणि फक्त वरच्या ओळींच्या नळ्यांतून फिरतो. खालच्या नळ्यांना तो कधीच भेटत नाही. म्हणून गोळे भरण्याच्या आदल्या दिवशी पाण्याच्या पिंपात भिजत घालावेत आणि पाण्याखालीच मुठीत धरून दाबावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत. पहिल्या दाबाला बुडबुड्यांचा लोट येतो, दुसऱ्याला थोडे, तिसऱ्या-चौथ्याला एखाद-दुसरा. नीट भिजलेला गोळा सोडून दिला की पाण्यात रेंगाळतो, ना वर धावतो, ना दगडासारखा तळाला जातो. ६०० गोळ्यांना दोन माणसांची पाऊण पाळी जाते. हे काम टाळण्यासाठी गोळे थेट कलेक्टरमध्ये ओतून 'फिरता फिरता भिजतील' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या कंडेन्सरच्या खालच्या अर्ध्या भागात चिकटा ठरलेला.

दुसरं कारण वॉटरबॉक्समध्येच असतं. बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या बाजूला सायफनमुळे, म्हणजे खाली उतरणाऱ्या पाण्याच्या ओढीमुळे, दाब वातावरणापेक्षा कमी असतो, पाण्यातली हवा सुटून वरच्या कोपऱ्यात साठते. त्या पोकळीत गोळे जमतात आणि गोल गोल फिरत राहतात. व्हेंटमधून ही हवा नियमित काढली नाही, किंवा ती ओढून घेणारी व्हॅक्यूम प्रायमिंगची लाइन तुंबली, तर पाचपन्नास गोळे तिथेच मुक्काम करतात. ड्रेनचं तोंड, मॅनहोलचा गळा, दोन पासमधल्या पडद्याच्या गॅस्केटची फट या जागाही तशाच. यंत्रणा बसवताना या सगळ्या तोंडांवर जाळीच्या टोप्या लावून घ्याव्यात. खर्च किरकोळ आहे, पण पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये बहुतेकदा तो नसतो आणि मागितल्याशिवाय मिळत नाही. गोळे सोडण्याचं तोंडही वॉटरबॉक्सच्या पुरेसं आधी, मोठ्या पाइपात हवं. अगदी जवळ असेल तर गोळे प्रवाहाच्या एकाच पट्ट्याला धरून ठरावीक नळ्यांतच जातात.

आता जाळी. यंत्रणेचा हाच भाग सगळ्यात महाग, सगळ्यात दुर्लक्षित, आणि समुद्राला अपाय करू शकणारा. बाहेर जाणाऱ्या पाइपात तिरक्या बसवलेल्या दोन पाती असतात, बिजागरीवर फिरणाऱ्या. बंद असताना त्या गोळ्यांना खालच्या टोकाकडे ढकलतात. पातीवर शेवाळ, पिशव्यांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा बसला की दाबाचा फरक वाढतो आणि पाती उघडून धुवाव्या लागतात. उघडण्याआधी सगळे गोळे कलेक्टरमध्ये पकडलेले असायलाच हवेत. क्रम असा: कलेक्टरची झडप 'पकड'वर घ्या, पंप किमान अर्धा तास चालू ठेवा, काचेतून गोळे येणं थांबलं का ते पाहा, मग पंप बंद करा, मगच पाती उघडा. हा क्रम चुकला तर ६०० गोळे मिनिटाभरात समुद्रात. म्हणून इंटरलॉक (क्रम चुकला तर पाती उघडूच न देणारी सोय) हवाच, आणि तो घड्याळावर नव्हे तर झडपेच्या स्थितीवर चालणारा हवा. पाती नुसत्या उघडून परत मिटल्या की झालं असंही नाही. कडेची पट्टी झिजली, बिजागरीला ढिलाई आली, की पाती आणि पाइप यांच्यात फट राहते. दाबाखाली मऊ गोळा त्या फटीतून सहज निसटतो. दर शटडाउनला पाती मिटवून, आत उतरून, कडेने फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवावा. फट पातीच्या दोन सळयांमधल्या अंतरापेक्षा मोठी असता कामा नये.

हे इतकं लावून धरण्याचं कारण सांगतो. ६०० गोळ्यांचा संच साधारण चार आठवड्यांनी झिजतो, म्हणजे वर्षाला १३ संच, ७,८०० गोळे. हे बाद होऊन कचऱ्यात जातात, ते ठीक. पण जाळीतून रोज ५ टक्के निसटत असतील तर दिवसाला ३०, वर्षाला जवळजवळ ११,००० गोळे समुद्रात जातात. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर वाळूत असे गोळे सापडल्याच्या नोंदी आहेत. क्लोरीन टाळायचा आणि त्याऐवजी रबर समुद्रात टाकायचं, याला पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही. म्हणून खरेदीच्या करारात 'गोळे परत मिळण्याचं प्रमाण' आकड्यात लिहून घ्यावं. आठवड्याच्या मोजणीत ते ९५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये असं आम्ही म्हणू. चाचणी पूर्ण लोडवर, भरतीच्या आणि ओहोटीच्या दोन्ही वेळी घ्यावी, कारण ओहोटीला सायफन बदलतो आणि जाळीवरचा प्रवाहही बदलतो. नैसर्गिक रबराचेच गोळे मागावेत, कृत्रिम फेसाचे नकोत.

मोजणी कशी करावी? आठवड्यातून एकदा सगळे गोळे पकडून कलेक्टर उघडायचा, गोळे घमेल्यात काढायचे. एका पत्र्याला नळीच्या आतल्या व्यासाएवढं भोक पाडून ठेवा. प्रत्येक गोळा त्या भोकावर ठेवा. आपल्या वजनाने आरपार पडला तर बाद, अडकून राहिला तर परत. चिरलेले, चपटे झालेले, एका बाजूने सोललेले वेगळे काढा. लॉगबुकमध्ये चार आकडे लिहा: भरले किती, मिळाले किती, बाद किती, नवे टाकले किती. चिरलेले जास्त निघाले तर पंपाचा इंपेलर (आतलं फिरणारं चाक) पाहा, या कामाला गोळा न कापणारा, मोकळ्या वाटेचा इंपेलरच लागतो, आणि दुरुस्तीत साधा इंपेलर बसवला गेल्याची उदाहरणं आहेत. मिळालेले कमी पण चांगल्या मापाचे असतील तर जाळीची फट पाहा. आणि आदल्या आठवड्यात कमी मिळालेले गोळे या वेळी अचानक जास्त मिळाले, तर ते वॉटरबॉक्सच्या कोपऱ्यात अडकून बसलेले होते असं समजा, व्हेंट तपासा.

ताम्र-निकेल किंवा ॲल्युमिनियम ब्रासच्या नळ्या असतील तर एक काळजी वाढते. या धातूंना त्यांच्यावर बसलेली ऑक्साइडची साय वाचवते. गोळे चोवीस तास घासत राहिले तर ती साय टिकत नाही. तिथे दर पाळीला एखाद-दोन तास फिरवणं पुरतं. कोरंडमचा (घासायच्या कठीण खनिजाचा) पट्टा असलेले खरखरीत गोळे तर या धातूंवर मोजकेच आणि तेही बसलेला कडक थर काढण्यापुरतेच वापरावेत, नंतर साध्या गोळ्यांवर यावं. टायटॅनियमला ही भीती नाही, त्यावर अखंड चालवा. आणि एक गोष्ट खरेदीआधीच कळलेली बरी: मऊ गोळा चिकटा बसू देत नाही, पण आधीच बसलेला चुनखडीचा थर तो काढत नाही. जुन्या कंडेन्सरला यंत्रणा लावायची तर आधी शटडाउन घेऊन नळ्या नायलॉन ब्रशने किंवा जास्त दाबाच्या पाण्याने पूर्ण साफ करा आणि त्याच दिवसापासून गोळे सुरू करा. गोळ्यांचा साठा थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात ठेवलेला रबरी गोळा बाहेरून कडक होतो आणि हाताने दाबला तरी भुगा पडतो.

इथवर नळ्यांचं झालं. आता यंत्रणेची जी मर्यादा विक्रेता सांगत नाही, ती. गोळे फक्त नळ्यांच्या आत काम करतात. समुद्रातल्या तोंडापासून वॉटरबॉक्सपर्यंतचा बोगदा, पाइप, पंपाचं कुंड यांना ते शिवतही नाहीत, आणि शिनाणे, कालवं, बार्नेकल वाढतात ते तिथेच. कल्पक्कमच्या अणुवीजकेंद्राचा समुद्रतळाखालून जाणारा ४६८ मीटरचा बोगदा आहे. हिरव्या शिनाण्यांनी त्यात केलेल्या वसाहतीचा तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. यांच्या अळ्या मिलिमीटरच्या अंशाएवढ्या असतात, कुठल्याही चाळणीतून पार होतात. वाहतं, पोषक पाणी मिळालं की आपल्या समुद्रात हिरवा शिनाणा महिन्याला साधारण ८ ते १० मिमी वाढतो. अडीच-तीन महिन्यांत तो २४ मिमी नळीच्या तोंडाएवढा होतो. मग कधीतरी त्याला भिंतीशी धरून ठेवणारा धागा तुटतो, शिंपला वाहत येतो आणि नळीत तिरका अडकतो. मागून आलेला गोळा त्याच्यावर थांबतो, त्याच्यामागे गाळ बसतो. अर्धवट मोकळ्या राहिलेल्या जागेतून पाणी जोरात उसळत जातं आणि तांब्याच्या मिश्रधातूची भिंत तिथेच खरवडून भोक पाडतं. खारं पाणी बॉयलरच्या पाण्यात शिरतं. गोळ्यांची यंत्रणा असूनही नळ्या गळायला लागल्या, तर बहुतेक वेळा गोष्ट ही असते.

म्हणून वॉटरबॉक्सच्या लगेच आधी, आत येणाऱ्या पाइपात, ५ मिमी भोकांचा आपोआप धुतला जाणारा कचरागाळ (कचरा अडवणारी गाळणी) बसवल्याशिवाय गोळ्यांची यंत्रणा विकत घेऊच नये. दोन्हीची किंमत एकत्र धरावी. पावसाळ्यात खाडीचं पाणी गाळ, पालापाचोळा, प्लास्टिक घेऊन येतं आणि जेलीफिशचे थवे आले तर कचरागाळ मिनिटामिनिटाला धुवावा लागतो. तेव्हा धुण्याचं नियंत्रण घड्याळावर नको, दाबाच्या फरकावर हवं. शटडाउनला ज्या नळ्यांत गोळे अडकलेले सापडतात, त्यांची ट्यूबशीटच्या (नळ्यांची टोकं बसवलेल्या पत्र्याच्या) नकाशावर खूण करून ठेवा. खुणा एकाच बाजूला गर्दी करत असतील तर कचरागाळाच्या त्या बाजूचं सील गेलेलं आहे.

बोगद्यातल्या शिनाण्यांसाठी रसायनाविना सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे उष्णता. बाहेर जाणारं गरम पाणी पुन्हा आत वळवून तापमान ४० अंशांच्या आसपास तासभर धरलं की शिनाणे मरतात. नेदरलँड्समधल्या किनारी केंद्रांत हा उपाय रुळलेला आहे. मात्र तिथलं पाणी थंड आहे. आपल्याकडे समुद्र आधीच २८-२९ अंशांवर, आणि कोमट पाण्यातले आपले शिनाणे जास्त चिवट, त्यामुळे ३८ अंशांवर समाधान मानू नये. यासाठी आत-बाहेरच्या वाटा अदलाबदल करणारे व्हॉल्व्ह मुळात आराखड्यात लागतात, लोड उतरवावा लागतो, आणि बाहेर सोडलेल्या पाण्याने समुद्राचं तापमान ७ अंशांहून जास्त वाढू नये ही अट पाळायची तर प्रदूषण नियंत्रण मंडळाशी आधी बोलून ठेवावं लागतं. पंपाच्या कुंडात लाकडी किंवा ॲक्रिलिकच्या पट्ट्या दोरीने टांगून ठेवा, आठवड्याला वर काढून पाहा. बारीक शिनाणे दिसू लागले की चार ते सहा आठवड्यांत उष्णतेची फेरी घ्या, शिंपले १५ मिमीच्या आत असतानाच. फेरीनंतर लगेच सुटकेचा श्वास टाकू नका, कारण मेलेल्या शिनाण्यांचे धागे कुजायला काही दिवस लागतात आणि शिंपल्यांचा लोंढा आठवडाभर येत राहतो. ज्या केंद्रात हा वळसा घ्यायची सोयच नाही, तिथे बोगद्यापुरता थोडा क्लोरीन राहणार, हे मान्य करून चालावं. तिथेही नळ्यांसाठी वेगळा जादा डोस बंद होतो, हा फायदा आहेच.

गोळ्यांना पर्याय म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल थोडक्यात. तांब्याचे ॲनोड लावून विजेने तांबं पाण्यात सोडणारी यंत्रणा जहाजांवर सर्रास असते आणि 'रसायनविरहित' म्हणून तिची जाहिरात होते. ती काम करते, पण काम करते ते तांब्याच्या विषारीपणामुळेच. कमी प्रमाणात असलं तरी ते रसायनच आहे, बंदिस्त खाडीत ते घेऊ नये. अतिनील दिवे स्वच्छ पाण्यात चांगले, आपल्या पावसाळी गढूळ पाण्यात प्रकाश पोचतच नाही. अल्ट्रासॉनिक म्हणजे बाहेरून चिकटवलेल्या कंपकांची यंत्रणा लहान कूलरवर आणि जहाजांच्या बॉक्स कूलरवर वापरून पाहण्यासारखी आहे, पण कंपनं रबरी गॅस्केट ओलांडताना मरतात, त्यामुळे हजारो नळ्यांच्या कंडेन्सरवर तिच्या भरवशावर राहू नये. वातानुकूलनाच्या चिलरसाठी मात्र गोळ्यांपेक्षा ब्रश आणि पिंजऱ्याची पद्धत सोपी पडते. प्रत्येक नळीत एक नायलॉन ब्रश, दोन्ही टोकांना प्लास्टिकचा पिंजरा, आणि चार तोंडांच्या व्हॉल्व्हने दिवसातून काही वेळा प्रवाह उलटा करायचा की ब्रश या टोकाहून त्या टोकाला जातो. काहीच हरवत नाही, मोजावं काही लागत नाही. नळ्या काहीशेच असतील तर हीच घ्या.

प्लेटच्या कूलरला गोळे चालत नाहीत, प्लेटांमधली फट २ ते ४ मिमीची. तिथे आधी बारीक गाळणी, प्रवाह कमी न करणं आणि रोज थोडा वेळ उलटा प्रवाह, एवढंच. आणि कुठलाही राखीव कूलर खाऱ्या पाण्याने भरलेला ठेवून दिवसेंदिवस बंद ठेवू नका. आतले जीव मरतात, कुजतात, पाणी सडक्या अंड्यासारखं वास मारायला लागतं, आणि तो वास मारणारा वायू ताम्र-निकेलला खड्डे पाडतो. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर पाणी काढा आणि गोड्या पाण्याने धुवून घ्या. समुद्री जीवांना गोडं पाणी सहन होत नाही, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. ससून डॉक किंवा मिरकरवाड्याच्या मच्छीमार बोटींनाही तोच लागू. पावसाळी बंदीत बोट वर घेतली की इंजिनाच्या कूलरचं खारं पाणी काढून त्यात दोन-तीन बादल्या गोडं पाणी फिरवा, टोपी उघडून नळ्यांतून नायलॉन ब्रश मारा आणि जस्ताचा ॲनोड अर्ध्याहून कमी उरला असेल तर तेव्हाच बदला.